पारंपरिक धनुष्याला लाकडी बाण कसे जुळवावेत: नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

लाकडी बाण हवेत शेपूट हलवत जाऊ लागला किंवा नेम धरूनही सतत एकाच बाजूला लागू लागला, की नवीन तिरंदाजाला आधी स्वतःच्या हाताचा संशय येतो आणि नंतर पिसांचा. दांडीचा ताठरपणा त्या धनुष्याला जुळतो की नाही, हा प्रश्न बहुधा सर्वात शेवटी विचारला जातो. हाताचा दोष असतोच, पण जुळणी चुकलेल्या बाणाने केलेला सराव तो दोष ओळखूही देत नाही आणि सुधारूही देत नाही. म्हणून बाणांची जुळणी आधी करावी.

पारंपरिक धनुष्यात बाण मुठीच्या मधून जात नाही, तो मुठीच्या बगलेला टेकलेला असतो. दोरी सोडली की ती धनुष्याच्या मध्यरेषेकडे धावते आणि त्या धक्क्याने दांडी वाकते. ती आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला अशी लवत मुठीला वळसा घालून पुढे जाते आणि त्यानंतर लक्ष्याच्या रेषेत स्थिरावते. यालाच आर्चर्स पॅरडॉक्स म्हणतात. १९३०च्या दशकात अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान छायाचित्रणातून बाणाचे हे लवणे स्पष्ट दाखवले. दांडी गरजेपेक्षा ताठ असेल तर ती पुरेशी लवत नाही आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे ढकलला जातो. गरजेपेक्षा लवचीक असेल तर तो उजवीकडे जातो. डाव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांनी या लेखातील सर्व दिशा उलट समजाव्यात.

लागणारे साहित्य

- धनुष्याचे पौंडेज, म्हणजे दोरी ओढायला लागणारा पौंडांतील जोर, मोजणारा काटा (बो स्केल) आणि नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण चढवण्याची जागा, मोजण्याची काटकोनी पट्टी (बो स्क्वेअर)
- ग्रेन (बाणाच्या वजनाचे छोटे एकक) किंवा ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा
- स्पाइन, म्हणजे दांडीचा ताठरपणा, मोजणारा स्पाइन टेस्टर, किंवा तो घरी बनवण्यासाठी दोन आधार, ९०७ ग्रॅमचे वजन आणि मिलिमीटरची पट्टी
- दांडीची टोके निमुळती करणारे टेपर टूल (पॉइंटसाठी, म्हणजे पुढच्या टोकासाठी, ५ अंश; नॉकसाठी, म्हणजे दोरीवर बसणाऱ्या मागच्या खाचेच्या तुकड्यासाठी, ११ अंश)
- बारीक दातांची करवत, बारीक सँडपेपर, हॉट मेल्ट गोंद, पिसांचा गोंद आणि पिसे बसवण्याचा जिग
- तीन वेगवेगळ्या स्पाइन गटांतील प्रत्येकी पाच दांड्या आणि दोन-तीन वजनांचे पॉइंट

शेवटच्या ओळीकडे विशेष लक्ष द्यावे. तक्ता पाहून एकदम डझनभर दांड्या घेणे हा या कामातील सर्वात खर्चिक मोह आहे. काही विक्रेते वेगवेगळ्या स्पाइनच्या दांड्यांचा चाचणी संच देतात. तसा मिळाला तर तो आधी घ्यावा.

१. आधी धनुष्य स्थिर करा

ज्या धनुष्याची मापे रोज बदलतात त्याला कोणताही बाण जुळवता येत नाही. दोरी चढवल्यावर मुठीच्या सर्वात खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत आणावे. लाँगबोमध्ये (लांब, साधे धनुष्य) ते साधारण ६ ते ७.५ इंच आणि पारंपरिक रिकर्व्हमध्ये (टोके पुढे वळलेले धनुष्य) ७.५ ते ८.५ इंच असते. नवी दोरी सुरुवातीला ताणते, त्यामुळे ती पुरेशी वापरून झाल्यावरच हे माप पक्के धरावे.

दोरी कशाची आहे, हेही आत्ताच ठरवावे. डॅक्रॉनची दोरी थोडी ताणते, तर फास्ट फ्लाइटसारखी कमी ताणणारी दोरी त्याच धनुष्यातून बाण अधिक जोराने फेकते आणि त्यासाठी अधिक ताठ दांडी लागते. ज्या जुन्या धनुष्यांच्या पात्यांची (मुठीच्या वर-खालच्या लवणाऱ्या भागांची) टोके मजबूत केलेली नाहीत, त्यांच्यावर कमी ताणणारी दोरी चढवू नये, कारण तिच्या धक्क्याने टोके तडकू शकतात.

नॉकिंग पॉइंट सुरुवातीला काटकोनापेक्षा सुमारे अर्धा इंच वर ठेवावा. तिन्ही बोटे बाणाच्या खाली ठेवून दोरी ओढत असाल, तर तो आणखी थोडा वर लागेल. पितळी कडी दाबून बसवण्याऐवजी आधी धाग्याचा तात्पुरता वेढा घालावा, म्हणजे तो सरकवता येईल.

२. स्वतःची ड्रॉ लेंग्थ आणि खरे पौंडेज मोजा

धनुष्यावर लिहिलेला आकडा, उदाहरणार्थ ४५ पौंड, हा सामान्यतः २८ इंच ओढीचा असतो. तुम्ही २८ इंच ओढत असालच असे नाही. एक लांब, हलका बाण दोरीवर चढवून नेहमीच्या पद्धतीने पूर्ण ओढावा आणि दुसऱ्या व्यक्तीने बाजूला उभे राहून धनुष्याच्या लक्ष्याकडील कडेपाशी बाणावर खूण करावी. नॉकच्या खाचेच्या तळापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर ही तुमची ड्रॉ लेंग्थ. हे माप काही वेळा घ्यावे, कारण मोजमाप चालू आहे हे कळले की माणूस नेहमीपेक्षा जास्त ओढतो.

मग काट्याने त्याच लांबीला पौंडेज मोजावे. काटा नसेल तर २८ इंचांपासूनच्या प्रत्येक इंचाच्या फरकाला दोन ते तीन पौंड असा अंदाज चालतो. ४५ पौंडांचे धनुष्य २७ इंच ओढणाऱ्याच्या हातात साधारण ४२ ते ४३ पौंडांचे असते आणि पुढचा हिशेब याच आकड्यावर करायचा असतो.

३. स्पाइनचा पहिला अंदाज बांधा

लाकडी दांड्यांचा ताठरपणा पौंडांत सांगतात. दांडी २६ इंच अंतरावरील दोन आधारांवर ठेवून मध्यभागी दोन पौंडांचे वजन टांगतात आणि ती किती इंच खाली लवते ते पाहतात. २६ ला त्या लवण्याने भागले की स्पाइन मिळते. दांडी ०.५२ इंच लवली तर तिची स्पाइन ५० पौंड. बाजारात दांड्या पाच-पाच पौंडांच्या गटांत मिळतात, जसे ४०–४५ किंवा ४५–५०.

येथे एक सापळा आहे. कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या बाणांवरचे ५००, ६०० यांसारखे आकडे वेगळ्या मोजणीचे असतात. त्यात आधार २८ इंचांवर आणि वजन १.९४ पौंड असते, आणि आकडा म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेले लवणे. तेथे आकडा मोठा म्हणजे दांडी लवचीक, लाकडात आकडा मोठा म्हणजे दांडी ताठ. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचू नयेत.

लाकडी बाणाचा अंदाज २८ इंचांची दांडी, १२५ ग्रेनचा पॉइंट आणि डॅक्रॉनची दोरी असे धरून सुरू होतो, आणि तेवढ्यापुरती स्पाइन साधारण तुमच्या खऱ्या पौंडेजइतकी असते. त्यानंतर पुढील दुरुस्त्या कराव्यात.

- बाण २८ पेक्षा जितके इंच लांब, तितके पाच-पाच पौंड वाढवावेत. आखूड असेल तर कमी करावेत.
- पॉइंट १२५ ग्रेनपेक्षा जड असेल, तर दर २५ ग्रेनला सुमारे पाच पौंड वाढवावेत.
- कमी ताणणारी दोरी असेल तर पाच पौंड वाढवावेत.
- मूठ रुंद असेल आणि बाणासाठी खाच नसेल, तर पाच ते दहा पौंड कमी करावेत; खाच थेट मध्यरेषेपर्यंत कापलेली असेल तर तितकेच वाढवावेत.

लांबीचा नियम केवळ परंपरेने आलेला नाही. दांडीचे लवणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २८ इंचांतून एक इंच कापला की ताठरपणा सुमारे अकरा टक्क्यांनी वाढतो आणि ४५ पौंडांच्या आसपास तो पाच पौंडच भरतो. शेवटचा नियम मात्र खरोखर ढोबळ आहे. दोन लाँगबोंच्या मुठी वरवर सारख्या दिसल्या, तरी एकीची खाच मध्यापासून ३ मिलिमीटर आणि दुसरीची ६ मिलिमीटर लांब असू शकते आणि तेवढ्यानेही दांडीचा गट बदलतो. म्हणूनच तक्ता कितीही बारकाईने केलेला असला, तरी त्याचे उत्तर चाचणीच्या सुरुवातीपुरतेच घ्यावे.

वरच्या उदाहरणातील तिरंदाज २८ इंचांचा बाण, १२५ ग्रेनचा पॉइंट आणि डॅक्रॉनची दोरी वापरत असेल, तर ४०–४५ हा मधला गट धरून ३५–४० आणि ४५–५० या शेजारच्या दोन गटांतील दांड्याही चाचणीसाठी घ्याव्यात.

४. लाकूड आणि जाडी निवडा

पोर्ट ऑरफर्ड सीडर हे अमेरिकेतील ओरेगॉनच्या नैर्ऋत्य भागात आणि लगतच्या उत्तर कॅलिफोर्नियात वाढणारे झाड लाकडी बाणांसाठी सर्वात नावाजलेले आहे. त्याचे लाकूड हलके, सरळ रेषांचे आणि वाकवून सरळ करता येण्याजोगे असते. सिटका स्प्रूस आणि पाइनही चांगले. डग्लस फर थोडे जड आणि चिवट, तर ॲश आणि बर्च आणखी जड. नवशिक्याने लाकडाच्या नावापेक्षा संचातील एकसारखेपणा पाहावा. नामांकित लाकडाच्या विजोड डझनापेक्षा साध्या पाइनच्या सारख्या सहा दांड्या केव्हाही चांगल्या.

प्रचलित जाड्या ५/१६, ११/३२ आणि २३/६४ इंच आहेत. मध्यम पौंडेजला बहुधा ११/३२ योग्य ठरते. जड धनुष्याला २३/६४ लागते आणि हलक्या धनुष्याला ५/१६ पुरते. नॉक आणि पॉइंट त्याच मापाचे घ्यावेत.

५. दांड्या तपासा आणि जोडी लावा

पहिली तपासणी रेषांची. लाकडाच्या रेषा दांडीच्या लांबीभर धावायला हव्यात. त्या मध्येच तिरप्या होऊन कडेला बाहेर पडत असतील, तर ती दांडी बाजूला काढावी, कारण तेथूनच ती तुटते. गाठी असलेल्या दांड्याही घेऊ नयेत.

त्यानंतर सरळपणा. दांडी काचेवर किंवा सपाट टेबलावर लोळवावी. जेथे फट उघडमीट करते तेथे वाक आहे. थोडा वाक असेल, तर तो भाग मंद आचेवर हाताला सोसेल इतकाच गरम करून तळहाताने उलट दिशेला दाबावा आणि थंड होईपर्यंत धरून ठेवावा. दांडी काळवंडेपर्यंत तापवली तर ती ठिसूळ होते.

मग स्पाइन. विक्रेत्याने लिहिलेल्या गटावर विसंबून न राहता प्रत्येक दांडी स्वतः मोजावी. घरगुती टेस्टर बनवणे सोपे आहे. फळीवर ६६० मिलिमीटर अंतरावर दोन आधार उभे करावेत, दांडी त्यांवर ठेवून मध्यभागी ९०७ ग्रॅम वजन टांगावे आणि ती किती मिलिमीटर खाली गेली ते वाचावे. ६६० ला त्या आकड्याने भागले की पौंड मिळतात. १६.५ मिलिमीटर म्हणजे ४०, १४.७ म्हणजे ४५, १३.२ म्हणजे ५० आणि १२ म्हणजे ५५. एकच दांडी फिरवून मोजली तर वेगवेगळे आकडे येतात, कारण लाकूड सर्व बाजूंनी सारखे ताठ नसते. त्यामुळे वर्षवलयांच्या रेषा आडव्या, म्हणजे फळीला समांतर, आहेत की उभ्या, हे ठरवून सर्व दांड्या एकाच पद्धतीने मोजाव्यात. बाण सुटताना दांडी धनुष्याच्या बाजूने लवते आणि बरोबर बसवलेल्या नॉकमध्ये त्या वेळी वलयांच्या रेषा लवण्याच्या दिशेत असतात. म्हणून टेस्टरवर रेषा उभ्या ठेवून घेतलेला आकडा खरा धरावा.

शेवटी वजन. तयार बाणाचे वजन धनुष्याच्या प्रत्येक पौंडाला ९ ते १० ग्रेन असावे. ४२ पौंडांच्या धनुष्याला ते साधारण ३८० ते ४२० ग्रेन, म्हणजे २४.५ ते २७ ग्रॅम होते. ८ ग्रेनच्या खाली जाऊ नये. फार हलक्या बाणात धनुष्याची ऊर्जा पुरेशी उतरत नाही आणि उरलेली पात्यांनाच सोसावी लागते. एका संचातील बाणांमध्ये १० ग्रेनपेक्षा अधिक फरक नसावा. प्रत्येक दांडीवर पेन्सिलीने तिची स्पाइन आणि वजन लिहून ठेवावे.

६. नॉक, पॉइंट आणि लांबी

दांडीच्या कापलेल्या टोकाकडे पाहिले की वर्षवलयांच्या समांतर रेषा दिसतात. नॉकची खाच या रेषांना काटकोनात यायला हवी. मग बाण दोरीवर चढवला की त्याची ताठ बाजू, जिच्यावर लांब सरळ रेषा दिसतात, धनुष्याकडे राहते. दांडीच्या वरच्या आणि खालच्या अंगावर रेषा निमुळत्या होत गेलेल्या दिसतात. वरच्या अंगावरील त्या निमुळत्या टोकांचा रोख पॉइंटकडे असावा, म्हणजे दुर्दैवाने बाण सुटताना तुटलाच, तर मागचा तुकडा धनुष्य धरलेल्या हातात न शिरता वर सरकतो. ही काळजी पुष्कळ तयार बाणांतही घेतलेली नसते, म्हणून विकत घेतलेला बाणही या दृष्टीने पाहून घ्यावा.

लांबी सुरुवातीला ड्रॉ लेंग्थपेक्षा दोन-अडीच इंच जास्त ठेवावी. कापलेले लाकूड परत जोडता येत नाही, आणि चाचणीत कापण्याला वाव लागतोच. तयार बाणही ड्रॉ लेंग्थपेक्षा किमान एक इंच लांब असावा, नाहीतर पूर्ण ओढीला पॉइंट मुठीवर किंवा बोटांवर येतो. पॉइंट हॉट मेल्ट गोंदाने बसवावा, कारण तो गरम करून पुन्हा काढता येतो.

७. बिनपिसांच्या दांडीने चाचणी करा

पिसे बाणाचे दोष झाकतात. ती मागून ओढ देऊन वाकडा बाणही काही अंतरात सरळ करतात, त्यामुळे पिसे लावलेल्या बाणावरून दांडीची परीक्षा होत नाही. एकाच स्पाइनच्या पाच दांड्या घ्याव्यात, तिघींना पिसे लावावीत आणि दोन तशाच ठेवाव्यात. या दोघींच्या शेपटाशी पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी गुंडाळावी. नाहीतर त्या पिसांच्या बाणांपेक्षा किंचित लवचीक वागतात आणि निष्कर्ष फसतो.

लक्ष्य मऊ आणि मोठे असावे. बिनपिसांची दांडी तिरपी घुसते आणि कठीण लक्ष्यात तुटते. ८ ते १० मीटरपासून सुरुवात करून नंतर १५ मीटरपर्यंत जावे. एका बाणावरून काहीही ठरवू नये. पिसांच्या बाणांचा आणि बिनपिसांच्या बाणांचा असे दोन समूह पाहावेत. समूहच जमत नसेल, तर त्या दिवशी चाचणी थांबवून साधा सराव करावा.

आधी वर-खालचा फरक मिटवावा. बिनपिसांच्या दांड्या पिसांच्या बाणांच्या वर लागत असतील, तर नॉकिंग पॉइंट खूप खाली आहे. तो वर सरकवावा. त्या खाली लागत असतील, तर तो वर आहे. अगदी किंचित खाली लागणे चालवून घ्यावे, कारण नॉकिंग पॉइंट थोडा वर असला तर पिसे टेकणीवरून (बाण टेकतो त्या जागेवरून) मोकळी निघतात. तो खाली असला तर शेपूट टेकणीवर आपटते.

त्यानंतर डावे-उजवे. बिनपिसांच्या दांड्या डावीकडे लागल्या तर त्या ताठ आहेत, उजवीकडे लागल्या तर लवचीक. दांडी लक्ष्यात कोणत्या कोनात रुतली आहे यावरून निदान करू नये, कारण लक्ष्यातील गवत किंवा फोम तिला वळवतो. ती कोठे लागली, एवढेच पाहावे.

एक फसवे चिन्हही आहे. दांडी फारच लवचीक असेल, तर तिचे शेपूट मुठीच्या बगलेवर आपटते आणि बाण डावीकडे उडतो, म्हणजे तो ताठ असल्यासारखा दिसतो. अशा वेळी बाण सुटताना टक असा आवाज येतो किंवा धनुष्याच्या बगलेवर घासल्याची खूण दिसते. शंका आली तर बगलेवर थोडी पावडर लावून एक बाण सोडावा, घासल्याचा पुरावा मिळेल. मग शेजारच्या ताठ गटाची दांडी सोडून पाहावी. ती उजवीकडे सरकली, तर आधीची दांडी लवचीकच होती.

८. फरक दुरुस्त करा

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दांडी लवचीक निघाली तर पॉइंटच्या बाजूने पाव-पाव इंच कापावे आणि प्रत्येक कापणीनंतर पुन्हा चाचणी करावी, किंवा हलका पॉइंट लावावा. दांडी ताठ निघाली तर १२५ ऐवजी १४५ किंवा १६० ग्रेनचा पॉइंट लावून पाहावा. बगलेवरील चामड्याची पट्टी जाड केली तर बाण मध्यापासून दूर जातो आणि डावीकडे सरकतो, पातळ केली तर उजवीकडे येतो. उरलेला थोडासा फरक मिटवण्यासाठी हा उपाय फार सोयीचा आहे.

ताठ दांडी घासून लवचीक करता येते, पण हे काम जपून करावे. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, त्यामुळे ११/३२ इंच दांडीची जाडी अवघ्या ०.१ मिलिमीटरने कमी केली तरी ४५ पौंडांची दांडी ४३ वर येते. फरक दहा पौंडांच्या आसपास दिसत असेल, तर कापाकापी आणि घासाघासी सोडून दुसरा गट घ्यावा.

जुळणारी लांबी, पॉइंटचे वजन आणि मोजलेली स्पाइन एका वहीत लिहावी. डझनाची खरेदी आता करावी, आणि ती करताना विक्रेत्याला गटाऐवजी स्वतः मोजलेला आकडा सांगावा.

९. पिसे, लेप आणि रोजची तपासणी

लाकूड ओलावा शोषते आणि त्याने वजन व सरळपणा दोन्ही बदलतात, म्हणून पिसे लावण्याआधी दांडीला वॉर्निश किंवा शेलॅकचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.

प्लॅस्टिकची पिसे पारंपरिक धनुष्यावर वापरू नयेत. खरे पीस टेकणीला घासताना दबते आणि पुन्हा उभे राहते. प्लॅस्टिक बाणाला ढकलते. साधारण ४ ते ५ इंचांची तीन पिसे १२० अंशांवर लावावीत आणि वेगळ्या रंगाचे पीस धनुष्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावे. एका बाणावरची तिन्ही पिसे पक्ष्याच्या एकाच पंखाची, डाव्या किंवा उजव्या, असावीत. ती मिसळली तर फिरकीची दिशा एकमेकींविरुद्ध जाते.

बाण दोरीवर चढवण्याआधी प्रत्येक वेळी त्यावरून बोट फिरवावे, दोन्ही टोके धरून हलकेच लववावा आणि कुरकुर ऐकू येते का ते पाहावे. बारीकशी तडही दिसली तर तो बाण दुरुस्त न करता मोडून टाकावा, म्हणजे तो चुकूनही पुन्हा भात्यात जाणार नाही. पॉइंट तेवढा गरम करून काढून घ्यावा. दोरी बदलली, ब्रेस हाइट बदलली किंवा सरावाने ड्रॉ लेंग्थ वाढली, तर सातव्या टप्प्यातील चाचणी राखून ठेवलेल्या दोन बिनपिसांच्या दांड्यांवर पुन्हा करावी.